पांढरी पँट आणि शेवटचा लांब सूर

रा. रा. ढम्याजीराव यांस,

(आता तू आजोबा झालास. पत्रावर नुसतं 'ढम्या' दिसलं तर सूनबाई काय म्हणतील, म्हणून हा थाट.) तुझ्या पिपाणीचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण पालथं पडलं की पोटावर दाब येतो आणि पोटावर दाब आला की काय होतं ते पुढे येईलच, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? नातीला दात आले म्हणे. छान, एका घरात कुणाचे तरी येतायत हेही नसे थोडके.

तुझ्या पत्रात तू विचारलंस, "तब्येत कशी आहे, आणि बँडच्या शेवटच्या कार्यक्रमात वाजवणार ना?" (ते 'ना' मुद्दाम लावलंस, मला कळत नाही का!) दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. कारखान्याने आपली तालमीची खोली गोदामाला दिली, बँड बंद होतोय, बागेतल्या चौथऱ्यावर एकदा शेवटचं वाजवायचंय, हे सगळं मला ठाऊक आहे. वाईटही वाटतं. पण ट्रंपेट पेटीत आहे, पेटी माळ्यावर आहे आणि शिडी शेजाऱ्यांनी नेलीय. विषय संपला.

आता तब्येत. प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. सत्तर वर्षं ती माझ्यात राहिली आणि आमची साधी ओळखही नव्हती. तिच्यात कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी ती काढली, आणि मग कळलं की बाई जाताना घराचा मुख्य नळच ढिला करून गेलीय. शिंकलो की थेंब. खुर्चीतून उठलो की थेंब. हसलो तर विचारूच नकोस. त्यामुळे गमतीदार माणसांना सध्या आमच्याकडे मज्जाव आहे. थोरले जावई मात्र कधीही येऊ शकतात, त्यांच्या विनोदांचा काही धोका नाही. पँटच्या आत पॅड असतं. बाहेर निघालो की तुझी वहिनी विचारते, "चष्मा, किल्ली, पॅड?" आणि मी शाळेतल्या पोरासारखा खिसे चाचपतो.

तो नळ आवळायचा व्यायाम असतो. आवळा, धरा, सोडा. शिकवणारी फिजिओ माझ्या धाकटीच्या वयाची, पहिल्या दिवशी मला कुठे बघावं तेच कळेना. ती म्हणाली, "काका, श्वास रोखू नका." अगं बाई, श्वास रोखण्यावर आयुष्यभर पगार घेतला मी! शेवटी मी तो व्यायाम आपल्या बँडमास्तरांच्या मार्चच्या तालावर बसवला. बँकेच्या रांगेत करतो, भाजी निवडताना करतो. (चेहरा फार गंभीर होतो म्हणे. परवा कॅशियरने पाणी आणून दिलं.)

वर्षभर बरं गेलं, मग रक्ताच्या तपासणीत आकडा पुन्हा चढला आणि रेडिएशन लागलं. त्यात दुखत नाही, पण नंतर इतका थकवा येतो की चहाचा कप उचलायलाही आधी विचार करावा लागतो, आणि पोट कधी दगा देईल याचा नेम नाही. खरी गंमत वेगळीच. मशीनखाली जाताना म्हणे मूत्राशय भरलेलं हवं! म्हणजे ज्याचा नळ गळतो त्यालाच तांब्याभर पाणी पाजायचं आणि सांगायचं, धरून बसा. त्यात मशीन रोज उशिरा. आम्ही सगळे म्हातारे बाकांवर गुडघे जुळवून बसायचो, कुणी कुणाला हसवायचं नाही असा तिथला कडक नियम. एकदा शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून शीळ घालायला लागले, आणि ढम्या, ती शीळ म्हणजे आपला मार्च! मला म्हणाले, "रविवारी बागेत वाजायचं हे. शेवटी सगळा बँड थांबायचा आणि एकटा ट्रंपेट लांबलचक सूर धरायचा. पोरं त्याच्याबरोबर श्वास धरायची आणि लालबुंद व्हायची. कोण वाजवायचा हो तो?" मी म्हटलं, "होता कुणीतरी." तेवढ्यात माझा नंबर आला. मशीनखाली निजलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. (तिथेसुद्धा गळतीच!)

तेव्हापासून तो चौथराच डोळ्यांसमोर येतो बघ. निळे कोट, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटी, आणि माझ्या पुढ्यात तू, तुझा तो मोठा ड्रम पोटावर घेऊन. तुझ्यामुळे मला अख्ख्या आयुष्यात श्रोते कधी दिसले नाहीत. फुंकून फुंकून ट्रंपेटमध्ये पाणी साचायचं, मी किल्ली दाबून ते सोडायचो आणि ते नेमकं तुझ्या बुटांवर पडायचं. मग तू अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा ओरडायचास, "पिपाण्या, माझे बूट!" लोक हसायचे, मास्तर डोळे वटारायचे आणि मग स्वतःच हसायचे. काय दिवस होते रे! ट्रंपेटचा मला आताशा हेवा वाटतो. पाणी सोडायला त्याला चांगली पितळी किल्ली दिलीय, आणि त्यावरून त्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

नवराबायकोमधली ती एक गोष्टही ऑपरेशनने नेली. डॉक्टरांनी गोळी दिली. डोकं भयंकर दुखलं आणि भिंती निळसर दिसल्या, बाकी काही नाही. मी तोंड फिरवून बसलो होतो. तुझी वहिनी म्हणाली, "भिंतींना रंग द्यायचाच होता, निळा बरा दिसेल का?" हसलो, पॅड बदललं, आणि मग दोघं हात धरून बसलो. आता रोज दुपारी बसतो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं बसायचो तसे.

तर मास्तर परवा काठी टेकत घरी आले होते. म्हणाले, "तो सूर तुझा आहे, तू नसलास तर मी मार्चच वगळीन." मी नाही म्हटलं. कारण तुला म्हणून सांगतो. तो सूर पोटातून येतो, आणि पोटातून फुंकलं की माझं काय होतं ते आता तुला माहीत झालंय. अख्ख्या गावासमोर, पांढऱ्या पँटीत. मरणाची वाटली नव्हती इतकी भीती मला त्याची वाटते, लेका. तेव्हा मी श्रोत्यांत बसेन, टाळ्या वाजवीन आणि समाधानाने घरी येईन. तू आग्रह करू नकोस.

सर्वांना नमस्कार, नातीला पापा.

तुझाच,
पिपाणी (किंचित गळकी)

ता. क. पत्र तुझ्या वहिनीने वाचलं. ती म्हणते, खोटं लिहून पाठवू नका. ट्रंपेट माळ्यावर नाही, न्हाणीघरात खुंटीला आहे. रोज दुपारी मी तिथे टॉवेल गुंडाळून उभा राहतो आणि वाजवतो. तिथे गळलं तरी कुणाच्या बापाचं काय जातंय! सूर अजून पुरा धरता येत नाही, पण बराचसा येतो. वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, पाणी यायच्या आधी नगरपालिका आता भोंगा वाजवते का.

आणखी एक ता. क. मास्तरांना काल होकार कळवला. तुझ्या नावावर कळवलाय. म्हणजे माझ्या पुढ्यात मोठा ड्रम घेऊन तू उभा राहशील, तरच मी वाजवणार. गुडघ्यासाठी स्टूल ठेवतो, फक्त त्या सुरापुरता उभा राहा. मागे भिंत आहे, पुढे तू, मला कोण बघतंय? आणि सूर संपला की माझ्याकडे वळून बघू नकोस. पूर्वीसारखा जोरात ओरड, "पिपाण्या, माझे बूट!" लोक हसतील, मास्तर हसतील, आणि मीही एकदा पोट धरून हसेन. मग काय व्हायचं ते होऊ दे.