खिरीच्या वड्या

कुकटपल्ली, हैदराबाद

ती. विमलाताईस धाकट्या भावाचा, अमरदीपचा, जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजी उन्हात फिरणे थांबवतील अशी आशा मी सोडली आहे, तरी विचारतो. आमच्याकडे सर्व खुशाल आहे असे लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरे नाही. जरा थांबून लिहितो.

रेणुका ऑफिसच्या ट्रेनिंगला बंगळुरूला गेल्यापासून शिवानी आणि विकीचे जेवणखाण माझ्याकडे आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, "तुला धड चहा करता येईना, लेकरांना काय खाऊ घालतूस रे? रविवारी येते अन् दोघांना नांदेडला घेऊन जाते." ये, पण न्यायचे की नाही ते माझे ऐकून ठरव. (फोनवर तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र.) माझी समजूत अशी होती की उन्हाळ्यातला स्वयंपाक सोपा असतो. दहीभात, काकडीची कोशिंबीर, ज्वारीची अंबील, रात्री आमरस. गॅसपुढे उभे राहायला नको आणि मुलांच्या पोटाला थंड. पहिल्याच दिवशी अंबिलीचे पीठ रात्रभर ओट्यावर आंबत ठेवले. इथल्या मे महिन्याने ते काम मध्यरात्रीच उरकले असावे आणि नंतरही थांबवले नाही. विकीने एक घोट घेतला आणि म्हणाला, "नक्को पप्पा, ये तो बॅटरी का पानी है." बॅटरीचे पाणी याने कधी चाखले, हे मी विचारले नाही. बाप म्हणून विचारायला हवे होते का, याचा निर्णय अजून झालेला नाही.

त्यात बुद्धपौर्णिमा आली. विहारातले खीरदान यंदा आमच्या घरचे, असे रेणुका जाण्यापूर्वीच सांगून बसली होती. बाहेरून मागवता आली असती. पण मागवलेल्या खिरीला दान म्हणावे की नुसती पोचवणूक, हा प्रश्न मी स्वतःला केला आणि उत्तर गैरसोयीचे आल्यामुळे दूध आणले. खीर खरोखर चांगली झाली होती. तिथेच थांबायचे. पण मला वाटले, लेकरे उन्हातून येणार, आंब्याचा रस घातला तर खूश होतील. आंबे अजून आंबटच होते आणि खीर उकळत होती. रस पडताक्षणी दूध फुटले; भात एकीकडे, पाणी एकीकडे. शिवानीने पातेल्यात डोकावून विचारले, "पप्पा, हे काय केलात?" मी म्हणालो, "बघतोय." (बघण्यासारखे काही उरले नव्हते.) फेकावी तर अन्नाची नासाडी, वाढावी तर फसवणूक. मी विचार करत उभा राहिलो. ती म्हणाली, "आत्या चक्का बांधते ना, तसं बांधा की!" मग धुतलेल्या पंच्यात बांधून नळाला टांगली, निथळल्यावर साखर-वेलची घालून परातीत थापली, फ्रिजमध्ये घट्ट केली आणि संध्याकाळी वड्या पाडल्या.

विहारात वंदना संपल्यावर मी माइक मागून घेतला. सांगितले, ही खीर नाही, ही फुटलेली खीर आहे. ज्यांना नको असेल त्यांनी संकोच करू नये. विहाराचे सेक्रेटरी अरविंद कानाशी पुटपुटले, आणि माइक चालूच असल्यामुळे ते सर्वांनी ऐकले: "अमरदीप, बसा हो. लेकरं कवाची रांगेत हैत." लेकरे दोन-दोनदा आली. गंगूमावशी म्हणाल्या, "नासली म्हंतोस, मंग इतकी ग्वाड कशापायी केलास?" परात रिकामी झाली. बायांनी कृती विचारली. मी प्रामाणिकपणे म्हणालो, आधी दूध नासवा. मी कृती लपवतो असा आता माझा लौकिक आहे.

त्या दिवसापासून रोज करतो. दूध नासवण्यात हात चांगला बसला आहे. तात्पर्य, मुलांचे इथे नीट चालले आहे. त्यांना नेऊ नकोस.

तुझा,
अमरदीप

ता. क. पत्र पुन्हा वाचले. शेवटचे 'तुझा, अमरदीप' हे दोन शब्द सोडले, तर त्यातले काही टिकत नाही. मुलांना तुझ्याकडे यायचे आहे. माझ्यासमोर बोलत नाहीत, पण काल दाराआडून ऐकले. विकी विचारत होता, "आपण गेलो तर पप्पा काय खातील?" शिवानी म्हणाली, "बिस्किटं." मग जायचा विषय दोघांनी ठरवून टाकल्यासारखा बंद केला. तेव्हा नेऊ नकोस, हे मी मुलांसाठी लिहिले की माझ्यासाठी, याचे उत्तर मला आले आहे. ते इथे लिहवत नाही.

ता. क. दुसरे. शिवानीला मराठी अडखळत वाचता येते, म्हणून तिला सगळे वाचून दाखवले. तिने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो: "आत्या, न्यायचं तर तिघांना ने. पप्पांना मागं ठेवू नको. वड्या करून आणू का म्हणून ते विचारतील, तू नको म्हण."

सोमवारपासून माझी रजा मंजूर झाली आहे. वड्या करून आणू का?