तिसऱ्या गोळीला अडकणारं पिस्तूल

३ जून
आज रेंजवर पिस्तूल अडकलं. तिसऱ्याच गोळीला. रिकामं काडतूस बाहेर उडायचं सोडून वरच्या सरकत्या स्लाइडच्या फटीत उभंच राहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नियमाप्रमाणे नळी टार्गेटकडे ठेवून डावा हात वर केला. शेजारच्या लेनमधून साडू डोकावत होते. त्यांना काय, फुकटची करमणूक.

कारण उघड आहे. गोळ्यांचा लॉट भिकार. २८ला क्लबची टीम निवडणार. चार जागा, त्यातली एक माझी, दरवर्षीसारखी. फक्त गोळ्या बदलायच्या की झालं.

६ जून
नव्या गोळ्या. चार वेळा अडकलं. म्हणजे दोष गोळ्या भरायच्या मॅगझिनचा. मला ही शंका पहिल्या दिवसापासूनच होती, ३ तारखेला लिहायचं राहिलं इतकंच.

घरी बरणीचं झाकण उघडेना. बायकोनं एका हिसक्यात उघडलं. मी आधी सैल करून ठेवलं होतं म्हणून.

९ जून, दुपार
नवं मॅगझिन. तरी तेच. घरी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून पिस्तूल पूर्ण खोललं, पुसलं, तेल दिलं. बायको म्हणाली, टेबलाची वाट लावलीत. हिला कलेची कदरच नाही. परत जोडताना स्लाइडवरून हात दोनदा घसरला. तेल जरा जास्तच झालं होतं.

१२ जून
शेवटी मिस्त्रींकडे गेलो. क्लबच्या बंदुका तेच बघतात. पण त्यांचं एक खूळ आहे. बिघडलेलं पिस्तूल आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून चालवून बघायचं, मगच खोलायचं. म्हणाले, द्या तुमच्या साडूंकडे, एक मॅगझिन मारू दे.

साफ नाही म्हटलं. चष्मा, कवळी आणि पिस्तूल दुसऱ्याला द्यायचं नसतं. त्यातून साडूंना! तीन वर्षांपूर्वी पिस्तूल कुठून धरायचं हे मी शिकवलं त्यांना. मिस्त्रींनी खांदे उडवले आणि दुसऱ्याच्या कामाला लागले. माणसाला माणसाची किंमत राहिली नाही.

१५ जून
अखेर माझं मलाच सापडलं! स्प्रिंग. अकरा वर्षांत मऊ पडणारच. जास्त कडक आणली, स्वतः बसवली. मिस्त्री गेले उडत.

१६ जून
आता दुसऱ्या गोळीला अडकतं. स्प्रिंग नवी आहे, रुळायला वेळ लागणार.

हे पेनही धड चालत नाही. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. नवं आणायचं.

१९ जून
कप फुटला. कान गुळगुळीत, त्यात साबण. बायको म्हणाली, हा महिन्यातला तिसरा, हात डॉक्टरांना दाखवा. म्हटलं, सिलेक्शन झाल्यावर बघू. तिनं खाली बसून तुकडे वेचले. तिनं भांडलेलं परवडतं, हे नाही परवडत.

२४ जून
आज साडूंनी मला सल्ला दिला. मला! जवळ येऊन हळूच म्हणाले, दादा, मनगट जरा सैल पडतंय का? तळपायाची आग मस्तकात गेली. २८पर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं.

संध्याकाळी त्यांचाच फोन. २८ला गाडी घेऊन न्यायला येऊ का, म्हणून. हो म्हटलं. आमच्या गाडीची किल्ली हल्ली फिरत नाही. कुलपात तेल सोडायला हवं.

पेन बदललं. हेही तसलंच.

२८ जून, सकाळी ६
झोप छान झाली. स्प्रिंग आता नक्की रुळली असेल. आज एकेकाला दाखवतो.

२८ जून, संध्याकाळ
दहा गोळ्या. सहा वेळा अडकलं. सहा वेळा हात वर केला. सहाव्यानंतर रेंज ऑफिसरनं थांबवलंच.

मिस्त्री आले. न विचारता पिस्तूल उचललं, सगळ्यांदेखत माझी कडक स्प्रिंग काढली, माझ्या पेटीतली जुनी घातली आणि साडूंच्या हातात दिलं. साडू नको नको म्हणत होते, माझ्याकडे बघत होते. मिस्त्रींनी ऐकलं नाही. तीस गोळ्या. तीसही काडतुसं टणटण बाहेर पडली. मी एकेक मोजलं. एक तरी अडकू दे रे देवा, असं म्हणत मोजलं.

मग मिस्त्री म्हणाले, स्लाइडला मागे जायला हात पाठीशी घट्ट उभा लागतो. तो ढिला पडला की काडतूस अडकतं. पिस्तूल ठणठणीत आहे, तुम्ही हात दाखवून घ्या. हे क्लबच्या सेक्रेटरींसमोर! हळू बोलता आलं असतं.

चौथी जागा साडूंची. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नाटकी माणूस. पिस्तूल मीच त्यांच्याकडे ठेवायला सांगितलं, घरी नकोच म्हटलं. राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

तीस गोळ्यांवरून काय सिद्ध होतं म्हणा.

२९ जून
तिसरं पेन. हेही चालत नाही, रेघ थरथरते. बायकोला हाक मारून म्हटलं, तो दुकानदार मला मुद्दाम कचरा देतो. ती शेजारी येऊन बसली. पेन माझ्या हातातून घेतलं, या पानावर खाली एक रेघ मारली. सरळ. तिच्याखाली डॉक्टरांची वेळ लिहिली, उद्या अकरा. गोल, स्वच्छ अक्षर.

पेन ठीक आहे.