खालचा सूर

९ ऑक्टोबर १९३४

रेकॉर्ड झाली! दोन्ही बाजू! आणि गंबो रश्श्याचा वाडगा पुढ्यात तसाच.

घोडागाडी लावून रेकॉर्डिंगसाठी हॉटेलच्या खोलीत गेलो, तर ओव्हिददादा आधीच रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाशी बोलत होता. भाताच्या गिरणीत काम करून त्याला थोडं इंग्रजी येतं. मला आपल्या फ्रेंचपलीकडे ओ की ठो नाही. साहेबानं माझ्याकडे बघून एक बोट वर केलं — एकच व्हायोलिन. आणि मी लगेच मान हलवली! सख्ख्या भावासाठी तोंडदेखलंसुद्धा 'पण' म्हटलं नाही. दादानं आपल्या व्हायोलिनची पेटी उचलली आणि घोड्याजवळ जाऊन बसला.

लहानपणापासून मी वर चाल वाजवतो, तो खाली सूर धरून बसतो. परतताना एवढंच म्हणाला, "झकास वाजवलंस, क्लेओफा." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर

थिबोदोंच्या घरी नाचाची रात्र. दादा आला नाही — दाढ दुखते म्हणे. पोरं आतल्या खोलीत निजवली, जोड्या फिरू लागल्या, मी एकटाच वाजवत होतो. म्हातारी यूलाली भर नाचात ओरडली, "काय रे, मोठा माणूस झालास! भावाला घरी ठेवून आलास?" सगळे हसले. मीही हसलो. निर्लज्ज!

२७ ऑक्टोबर

पुन्हा नाच, पुन्हा दादाची दाढ. मला काय कळत नाही?

१२ जानेवारी १९३५

रेकॉर्ड आली. वर माझं एकट्याचं नाव. दादाची प्रत शेजाऱ्याहाती पाठवली. स्वतः न्यायची छाती झाली नाही.

१९ जानेवारी

माफी मागायला गेलो. आत ग्रामोफोनवर माझी रेकॉर्ड चालू, आणि तिच्याखाली दादाचा खालचा सूर! पायरीवर बसून रडलो. मग खिडकीतून डोकावलो — व्हायोलिन अझेमावहिनीच्या हातात. दादा पायानं ठेका देत होता. "हळू गं. त्याला पळू दे पुढे. तू जागा सोडू नकोस."

म्हणजे नवा जोडीदार तयार होतोय. मी नकोच त्याला. तसाच परत फिरलो.

२० जानेवारी

चर्चबाहेर वहिनीनं गाठलं. "काल कॉफी न घेताच पळालात, भावोजी? अहो, तुमच्यासाठीच शिकतेय मी. ह्यांची बोटं वर्षभर बधिर आहेत. एकच व्हायोलिन घ्या, असं साहेबाला ह्यांनीच सांगितलं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. 'कळलं तर क्लेओफा रेकॉर्डच सोडून देईल,' म्हणाले."

वर्षभर शेजारी बसून तो चुकत होता. मला ऐकूसुद्धा आलं नाही.

आणि त्याला वाटलं, त्याच्यासाठी मी रेकॉर्ड सोडून दिली असती.