शिपमेंट आणि खोकला

३ मार्च, सकाळी ६.३०
कारखान्याला परदेशी ऑर्डर. दुप्पट! पॅकिंगचा सुपरवायझर म्हणून माझा ओव्हरटाइम पक्का, शिलाईत हिचाही. भिंगरीचं, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या लेकीचं, कल्याणच झालं. निर्धार: काही झालं तरी संध्याकाळी सातला घरी. तिला मीच भरवणार.

७ मार्च
सात एकदाही जमले नाहीत. सुरुवात आहे, बसेल घडी. भिंगरी शेजारच्या मावशींकडे मजेत असते. मावशी म्हणाल्या, पोर खोकतेय, जेवत नाही. मी म्हटलं, हवा बदललीय. हवा मी पाहिलेली नाही. पॅकिंगला खिडकी नाही.

१२ मार्च, जेवणाची सुट्टी
हिने विचारलं, दवाखान्यात कोण नेणार? मी म्हटलं, उद्या, मी. ती डबा झाकून मशीनकडे गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१३ मार्च
कंटेनर लवकर आला. दवाखाना राहिला. खोकल्याची बाटली घेऊन मावशींना दिली. म्हणजे उपचार सुरू झालेच की. साहेबांनी पाठ थोपटली.

१९ मार्च, सकाळ
भिंगरीला उचललं. हलकी लागली. रोज खोकी उचलून माझेच हात तयार झाले असणार.

२१ मार्च
दुपारी मावशींचा फोन. ताप, पोरीला धाप लागलीय. साहेब म्हणाले, माल भरून होऊ दे, तासाभरात जा. मी तासभर थांबलो. का थांबलो, त्याचं कारण लिहायला बसलो होतो. सापडत नाही.
हिने निरोप ऐकला, कुणाला विचारलं नाही, मशीन बंद करून निघाली. मी पोचलो तेव्हा भिंगरी दाखल झालेली. न्यूमोनिया. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, खोकला कधीपासून? जेवते किती? वजन एवढं कसं उतरलं? सगळी उत्तरं मावशींनी दिली. मी फक्त नाव सांगितलं.

२४ मार्च, सकाळी १०
ताप उतरला. धोका टळला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी रजा टाकली. हिला सांगितलं, तू घरी जाऊन पड जरा, आज दिवसभर मी बसतो. ती म्हणाली, बघू.
भिंगरीने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, बाबा, आज रविवार आहे?
मंगळवार होता. मी हो म्हणालो.