शमीमच्या कानात

हडपसर,
१२ ऑगस्ट १९९१

हमीदभाई,

शमीमला दफन करून आज तिसरा दिवस. सकाळी कबरीवर फुलं घालून आलो. नंतर घरीच होतो.

कबरस्तानात तुम्ही विचारलंत, "दाजी, शेवटी बहिणीनं कलमा ऐकला ना?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

शेवटच्या घटकेला तिच्या कानात म्हणता यावा म्हणून दोन महिने ती माझ्याकडून कलमा पाठ करून घेत होती. "एवढी एक ओळ येईना, मॅट्रिक कसे झालात?" म्हणून हसायची. पण तिचा श्वास अडकला तेव्हा मी इतका घाबरलो, की लहानपणी भीती वाटली की म्हणायचो ती रामरक्षाच तोंडातून निघाली. स्तोत्र संपायच्या आत शमीम गेली.

कबरीत फरिश्ते प्रश्न विचारतात, असं तीच सांगायची. माझ्यामुळे ती तिथं अडली असेल का? हे मला फक्त तुम्हालाच विचारता येईल. पण लग्नानंतर बावीस वर्षांनी तुम्ही मला पहिल्यांदा दाजी म्हणालात. हे वाचून पुन्हा म्हणाल का? ती भीती वाटते, म्हणून पत्र टाकत नाही.

तुमच्या घरून आलेला डबा जेवलो. आता तो घासून पालथा घालतो.

श्यामसुंदर