सगळ्यात खालची दोरी

रविवार, ४ मार्च

चिरंजीव छोटूस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. पंचेचाळिशीच्या माणसाला छोटू म्हणू नये हे मला कळतं. पण तुझ्या नावामागे आता इतक्या पदव्या लागल्यात की नाव तरी आखूड ठेवलेलं बरं; पाकिटावर मावायला हवं.

इकडील सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आई बरी आहे. मी निबंधांचे गठ्ठे तपासत बसले आहे. विषय होता 'आमचे अंगण'. एका मुलीने लिहिलंय, "आमच्या अंगणात सुंदर गवत आहे व त्यात जायचे नसते." ती आपल्याच इमारतीतली आहे. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

तर, नगररचनाकार महाशय, तुमच्या कृतीबद्दल. आपल्या तीन इमारतींमधलं अंगण 'शाश्वत वस्ती'चा नमुना करायचं काम महापालिकेने तुला दिलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. इथे वाढलेला माणूस इथलं काम करणार! जिन्याजिन्यात सांगत फिरले. आता तोच जिना मी मान खाली घालून उतरते.

शाश्वत म्हणजे जे टिकतं, एवढं माझ्या पाठांतरात आहे. तुझी ती तुरेवाली झुडपं पहिल्याच आठवड्यात माना टाकून बसली. त्यांना जगवायला रोज टँकर येतो, इंजिन चालू ठेवून उभा राहतो आणि धूर सोडत पर्यावरणाची सेवा करतो. कोपऱ्यातल्या जुन्या झाडाखालचा बाक तेवढा राहिला आहे, बहुधा तो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून. हे कुणाला सांगू नकोस.

पण मी लिहायला बसले ते दोऱ्यांबद्दल. लोखंडी खांबांवरच्या कपडे वाळत घालायच्या सगळ्या दोऱ्या तुझ्या माणसांनी कापून नेल्या. म्हणे, दृश्य बिघडतं. त्याऐवजी तळघरात कपडे वाळवायचं विजेवरचं यंत्र बसवलंय. त्यावर हिरव्या पानाचं चित्र आहे, म्हणजे ते वीज खात नसावं, पान खात असावं. आजवर हे काम सूर्य करत होता. पगार नाही, रजा नाही, दुरुस्तीला माणूस बोलवायला नको. त्याला पर्यावरणाच्या नावाने घरी बसवलंस, हा पराक्रम पूर्वी कुणी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

यंत्रापुढे रांग लागते, म्हणून लोक घरातच पंख्याखाली कपडे वाळवतात. भिंतींना ओल धरलीय. आणि दोऱ्यांपाशी बायका-पुरुष चिमटे तोंडात धरून जे बोलायचे, कुणाचं दुखतंय, कुणाचं काम सुटलंय, ते आता कुणालाच कळत नाही. तुझ्या फलकावर 'सामाजिक सलोखा' असं लिहिलंय. तो दोऱ्यांबरोबरच गेला.

एक मागणं आहे. सगळ्या नाही तर नाही, पण सगळ्यात खालची दोरी, दारापासून झाडाखालच्या बाकापर्यंत जाणारी, तेवढी परत बांधून दे. उद्घाटनाच्या आधी. कारण विचारू नकोस. थोरली सांगते आहे म्हणून कर. आणि आईला फोनवर यातलं काही विचारू नकोस.

वाट पाहणारी,
ताई

*

बुधवार, १४ मार्च

छोटू,

मागच्या पत्रातले आशीर्वाद शिल्लक असतील तर ते वापर. आज नवे नाहीत.

तुझं उत्तर मिळालं. सुबक आहे, टंकलिखित आहे, वर कार्यालयाचं बोधचिन्हही आहे. सख्ख्या बहिणीला 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं कळवणारा भाऊ मिळायला पूर्वपुण्याई लागते. पुढे लिहितोस, "ताई, भावनेच्या भरात विचार करू नकोस. आम्ही सर्वेक्षण केलं आहे. सगळ्यात खालच्या दोरीवर एकाही फोटोत एकही कपडा नाही. ती वापरातच नव्हती." आणि पुरावा म्हणून फोटो जोडलेस.

फोटो पाहिले. खरंच कपडा नाही. वरच्या दोऱ्यांना मुंगी शिरायला जागा नाही, चादरी एकमेकींवर चढल्यात, आणि कमरेएवढ्या उंचीवरची ती एक दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. तुला एकदाही प्रश्न पडला नाही, की जागेसाठी जिथे रोज तू-तू मैं-मैं होते, तिथे एवढी लांब दोरी सगळ्यांनी मोकळी का सोडली असेल?

कारण ती आईची होती. तिच्यावर कपडा टाकायचा नाही, हे इमारतीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. नव्या भाडेकरूने टॉवेल टाकला तर तळमजल्यावरचा बसड्रायव्हर सगळ्यांच्या आधी ओरडायचा, "ओ साहेब, तो रस्ता आहे, पार्किंग नाही!" दोरी बांधली त्यानेच. जिथे पायरी आहे तिथे गाठ, जिथे बाक येतो तिथे मोठी गाठ. त्या दोरीला हात लावून आई रोज सकाळी एकटी खाली जायची, बाकावर बसायची, शेजाऱ्यांचे मटार सोलून द्यायची आणि दुनियेच्या चौकश्या करायची.

आईला दिसत नाही, छोटू.

लिहिलं एकदाचं. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत. तू मागे आलास तेव्हा तिने तुला स्वतः चहा आणून दिला, आठवतं? घरातलं सगळं तिच्या हातांना पाठ आहे. तू एक दुपार होतास, त्यातली अर्धी फोनवर. ती तुझ्या आवाजाकडे बघून हसत होती आणि तू मला म्हणालास, "आई काय टवटवीत दिसते गं!" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

सांगायचं नाही, अशी तिने मला ताकीद दिली होती. "त्याला कळलं तर काम टाकून येईल, आणि मला उचलून आपल्या बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. तिथे मी कुणाच्या हाताला धरून कुठे जाऊ? इथे माझं मी जाते." तिचा मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी गप्प राहिले. आता 'माझं मी' उरलेलंच नाही, मग गप्प राहून कुणाचं भलं?

दोऱ्या कापल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सांगायच्या आत ती खाली उतरली. मी जिन्यावरून पाहिलं. दारात उभी राहून तिने हात पुढे केला. थोडा वर, थोडा खाली, मग बाजूला, आपण अंधारात बटण चाचपतो तसा. बराच वेळ. मग हात पदरात घेतला, माझी चाहूल लागली तशी वळली आणि म्हणाली, "आज ऊन फार आहे बाई, नको जायला." बाहेर ढग होते.

तेव्हापासून ती खाली गेलेली नाही. "मी नेते," म्हटलं तर म्हणते, "तुझी शाळा आहे." सुट्टीच्या दिवशी म्हणते, "तुझी सुट्टी आहे." मटार आणून दिले तर सोलते, पण खिडकीपाशी एकटी. कुणाची चौकशी करत नाही.

ड्रायव्हरने दोरी पुन्हा बांधली. तुझ्या मुकादमाने दुपारी कापली. पुन्हा बांधली, पुन्हा कापली. मग मीच त्याच्यासमोर उभी राहिले.

"बाई, माझ्यावर का चिडता? ड्रॉइंगमध्ये दोरी नाही."

"ड्रॉइंग माझ्या भावाचं आहे."

"मग घरातच मिटवा की!" तो म्हणाला आणि कात्री खिशात घालून निघून गेला. तुझ्या एवढ्या मोठ्या प्रकल्पात मला शहाणपणाचं ऐकू आलेलं हे एकमेव वाक्य.

तू म्हणशील, लोकांना विचारलं होतं. विचारलंत ना! सभागृहात फळा लावलात, रंगीत चिठ्ठ्या वाटल्यात. तुमच्याकडच्या एका गोड मुलीने आईच्या हातात चिठ्ठी देऊन विचारलं, "आजी, कोणत्या चित्रावर लावू?" आई म्हणाली, "तुला आवडेल तिथे लाव." तिने फुलझाडांवर लावली. तुझ्या अहवालात 'ज्येष्ठ नागरिकांची पसंती: पुष्पवाटिका' असं जे आहे, ती आपली आई.

मला राग दोरी कापल्याचा नाही. चुका होतात. राग याचा आहे, की आम्ही ज्याच्या भरवशावर जगत होतो ते सगळं तुमच्या कागदावर 'रिकामं' म्हणून लागलं. एका म्हातारीसाठी तीन इमारतींनी आपापली ओली चादर खांद्यावर घेऊन दुसरीकडे जागा शोधली, वर्षानुवर्षं, एकही सभा न घेता. टिकाऊ शहर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, सांग मला. ते तुझ्या दारातच होतं. तू त्याचा फोटो काढलास आणि खाली लिहिलंस, वापरात नाही.

एक बजावून ठेवते. हे वाचून गहिवरून तिला तुझ्याकडे न्यायची गोष्ट काढू नकोस. फोनवर हुंदकेही नकोत. तिला दिसत नाही, ऐकू उत्तम येतं. डोळे चांगले असलेल्यांनी केलेली दुरुस्ती तिला नको आहे, तिची वाट तिला हवी आहे.

शनिवारी उद्घाटन. महापौर येणार, फीत कापणार. रचनाकाराच्या मातोश्री म्हणून आईला पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण आलंय. मी वाचून दाखवलं. मला वाटलं नाही म्हणेल. म्हणाली, "जाईन की. माझ्या लेकाचं काम आहे." हिरवी साडी काढून ठेवलीय, हिरवी कोणती, ते मला विचारून.

तिला खाली न्यायला मी येणार नाही. ड्रायव्हरलाही येऊ नकोस म्हणून सांगितलंय. दोरी असली तर ती आपली आपण येईल, आणि तू काय केलंस ते कुणाला कळणारही नाही. दोरी नसली तर ती दारात उभी राहील आणि हात पुढे करेल. महापौर, छायाचित्रकार, सगळे असतील. तो हात धरायला तू पुढे यायचं. आणि मग त्या फुलझाडांमधून तिला बाकापर्यंत कसं न्यायचं, ते तुझ्या ड्रॉइंगमध्ये शोधायचं.

शनिवारपर्यंत तुझी कुणी नसलेली,
आणि त्यानंतरचं तुझ्यावर सोपवणारी,
ताई