पटाशीचे चार दात

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही, तेव्हा आधी मला मनसोक्त बोलून घे आणि मग पुढे वाच. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचं जेवण बरं आहे, झोप त्याहून बरी, गुडघ्याची कुरकुर जुनीच. वहिनीचा खोकला गेला का? काढा नको म्हणत असेल तर तू समोर बसून पाज. तुझ्यासमोर तिला नाटकं करता येत नाहीत.

फोन न उचलण्याचं कारण हसण्यासारखं आहे. माझे वरचे पटाशीचे चारही दात गेले. म्हातारपणाने नव्हे, पन्नाशीला अजून चार वर्षं आहेत! शाळेच्या घसरगुंडीवर पाय सटकला आणि तोंड कठड्यावर आपटलं. तीन आठवडे झाले. बोलताना निम्मी हवा समोरून निसटते. 'दादा' म्हणायला जाते तर भलतंच काहीतरी ऐकू येतं. तू ते ऐकून घाबरला असतास आणि मग मी रडले असते. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर बोबडं बोलता येत नाही.

माझं काम तुला माहीत आहे. सहा मुलं, गोल टेबल, एक मोठा आरसा. ऐकू न येणारं मूल माझ्या गळ्यावर हात ठेवतं, तोंडाकडे टक लावून बघतं, आणि जे दिसतं ते बोलायचा प्रयत्न करतं. त, थ, द, ध म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते ती त्याला दिसावी लागते. रजेवरून परतल्यावर पहिल्याच तासाला मी 'त' म्हटलं. जिभेला टेकायला काही नाही, ती सरळ बाहेर आली. सहाही पोरांनी अगदी मन लावून जिभा बाहेर काढल्या. आधी हसू आलं रे. मग चिमणीकडे बघितलं. सात वर्षांची आहे, चणीने लहान म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणतो. दोन वर्षं घासून तिने 'त' कमावला होता, तो त्या एका तासात टाकून दिला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली.

मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, मूल बघतं तेच बोलतं. दात बसेपर्यंत कार्यालयातलं काम बघा."

तर आता मी हजेरीपटांना वेष्टनं घालते.

काढता-घालता येणारी छोटी कवळी आठ दिवस लावून बघितली. 'त' म्हटलं की टाळूवरून उचकटते. म्हणून आता पक्के दात, इम्प्लांटचे. तू पूल बांधणारा माणूस, तुलाच विचारते. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवतात, तो खांब. त्यावर दात. चार दातांना चार खांब लागत नाहीत, दोन पुरतात, मधले दात त्यांच्यावर पेलले जातात. डॉक्टरांनी प्लास्टरचा जबडा हातात देऊन तासभर समजावलं.

एक प्रकार असा की आज खांब आणि आजच वर तात्पुरते दात. पुढच्या आठवड्यात मी वर्गात! पण हाड स्क्रूला धरेपर्यंत त्या दातांवर भार नको. दुसरा पांढरा, चिनीमातीच्या जातीचा, एकसंध. समोरची हिरडी पातळ असते, तिच्यातून धातूची करडी सावली दिसते. याची दिसत नाही. मात्र त्याचं डोकं पहिल्या दिवसापासून हिरडीच्या बाहेर राहतं. तिसरा टायटॅनियमचा. तो हाडात बसवून वर हिरडी शिवून टाकतात. पाच-सहा महिने काहीच दिसत नाही, मग हिरडी उघडून दात चढवायचे. याशिवाय कवळीला टेकू द्यायचे अगदी बारीक स्क्रू असतात, आणि ज्यांच्या जबड्यात हाडच उरलेलं नाही त्यांच्यासाठी पार गालाच्या हाडापर्यंत जाणारे लांब. तितकी काही मी गेलेली नाही म्हणे. हाडाची पुढची भिंत फुटली आहे, तिथे हाडाची भुकटी भरावी लागेल, पण पाया शाबूत आहे.

डॉक्टर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. "कोणताही घ्या, पण सहा महिने तोंडाला धक्का लागणार नाही ना?"

मी "नाही" म्हटलं. जरा वेळाने म्हटलं.

तू सांग कोणता घेऊ. आईची काठी बदलली, आधीची फार जड होती. बाकी सगळं ठीक.

तुझी,
बोबडी

---

२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं. टायटॅनियमच घे, पाया मुरू दे, काँक्रीट ओलं असताना त्यावरून गाडी नेत नाहीत, हे तू लिहिणार हे मला ठाऊकच होतं. पण त्याखाली एका ओळीत विचारलंस, "घसरगुंडीवर तू काय करत होतीस?" ती ओळ मी दहा वेळा वाचली.

डॉक्टरांनीही तेच ओळखलं. काल हाडाचा फोटो दिव्यासमोर धरून म्हणाले, "कठड्यावर पडलेल्या माणसाची हनुवटी फुटते, नाक सोलवटतं. तुमचे फक्त चार दात गेले आणि भिंत आतल्या बाजूला ढकलली गेली. हा फटका आहे. कोण मारतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "घरात पुरुषमाणूस नाही हो."

"मी पुरुषमाणूस म्हटलंच नाही," ते म्हणाले.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दादा. आईने मारलं.

सकाळची वेळ होती. तिला अंघोळीला नेलं होतं, गाऊनची बटणं काढत होते. तिने विचारलं, "कोण गं तू?" मी म्हटलं, "आई, मी." "माझी मुलगी शाळेत गेलीय. तू कोण? कपडे का काढतेस माझे?" पुढे काय झालं ते नीट कळलंही नाही. चार पायांची ती काठी तिने दोन्ही हातांनी उचलली. एवढी ताकद तिच्यात कुठून आली? मी फरशीवर बसून दात चाचपत होते, तर ती वाकून माझ्या तोंडावर टॉवेल धरते आणि म्हणते, "अगं, रक्त येतंय. कुणी मारलं गं तुला? मेल्याचे हात झडोत."

हे तुला आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. ही पहिली वेळ नाही. माझ्या सोसण्याचं दिवाळं तर गेल्याच वर्षी निघालं होतं, मी तुला फक्त चांगल्या दिवसांची खबर देत होते. फोनवर तिच्याशी बोलताना तुला ती हसरी वाटायची, कारण ती हसली की मी पटकन तुला फोन लावायचे. ती मनगटाला चावली आहे. गरम चहा अंगावर फेकला आहे. शाळेत मी लांब बाह्या घालून जाते आणि आमची मुलं 'गरम होत नाही का?' असं खुणांनी विचारतात.

बाबा गेले तेव्हा तू म्हणालास, "आईला परक्या माणसांत ठेवायचं नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही." मी मान हलवली. तू चौथ्या दिवशी पुलावर परत गेलास आणि मान माझीच हललेली राहिली. दोनदा तुझ्यापुढे विषय काढला, अगदी दातांच्या कण्या केल्या, तू दोन्ही वेळा म्हणालास, "थोडं सांभाळून घे." सांभाळून घेतलं. रागाने लिहीत नाही. कदाचित रागानेच लिहिते आहे.

तिला आता परकी माणसं आणि आपली माणसं वेगळी कळत नाहीत, दादा. तिच्या दृष्टीने ती केव्हाच परक्यांत राहायला गेली आहे. ती परकी बाई मी.

दातांचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "त्याच दिवशी दात नकोत, पांढराही नको, त्याचं डोकं बाहेर राहतं. तुमच्या घरी जे चालतं ते चालणार असेल तर हिरडीखाली पुरलेलाच बरा. तोही वाचेलच असं नाही." म्हणजे कोणता प्रकार घ्यायचा हे माझ्या हाडाने ठरवलं नाही, आईच्या हाताने ठरवलं. मार्चअखेरीला बसवणार आहेत. त्यानंतरच्या आठ दिवसांपुरता तू येऊन राहशील का? फक्त आठ दिवस.

मुख्याध्यापिकांनी सप्टेंबरपर्यंत वाट बघते म्हटलं आहे. त्यानंतर दुसऱ्या बाई घेतील.

वाट बघते.

---

९ एप्रिल

दादा,

तू आला नाहीस. गर्डर चढवायचा होता, ते मी समजू शकते. खरंच समजू शकते. पण हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

अठ्ठावीस मार्चला दोन्ही स्क्रू बसवले. दुखलं नाही फारसं. डॉक्टरांनी मला आरशात शिवलेली हिरडी दाखवली, काळे टाके, बाकी काही नाही. मी घरी येऊन आईला पातळ भात भरवला आणि मीही तोच खाल्ला. आठ दिवस शांततेत गेले. दिवसा आईजवळ बसायला येतात त्या बाईंना मी म्हटलंसुद्धा, आपण उगाच घाबरत होतो.

नवव्या दिवशी, दुपारी. मी तिची नखं कापत होते. ती मजेत होती, काहीतरी गुणगुणत होती. करंगळीला नेलकटर जरा टोचलं असेल. तिने हात झटकला आणि कोपर थेट माझ्या तोंडावर. टाके उसवले. तोंडात रक्ताची चव आली आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? सप्टेंबर. बस, सप्टेंबर. चिमणी आणि तिचा 'त'.

मी आईला मारलं.

दोन वेळा मारलं. पहिली थप्पड हातून गेली म्हणता येईल. दुसरी नाही. दोन्हींच्या मध्ये मला वेळ होता, दादा. मी तिचा चेहरा बघितला, ती घाबरलेली होती, आणि मी पुन्हा हात उचलला. तिचा चष्मा पलंगाखाली गेला. बाई दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. आत आल्या, आईला माझ्यापासून लांब, खिडकीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं, आणि तिच्या गालाला ओला रुमाल लावला. चार बोटं उमटली होती.

सगळं विसरणारी ती, हेही विसरेल असं वाटलं होतं. काय झालं ते ती विसरली, पण अंग विसरलं नाही. मी चमचा घेऊन जवळ गेले की मान खांद्यात घालते. परवा मी बाहेरच्या खोलीत होते, तर ती बाईंना हळू आवाजात सांगत होती, "ती बाई मारते हो. माझ्या मुलीला निरोप द्या. शाळेत असते ती. कळलं तर धावत येईल, मला सोडवील."

बाई म्हणाल्या, "देते हं निरोप." मग बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता चपला घालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. डावीकडचा स्क्रू हलत होता, तो काढून टाकला. उजवीकडचा राहील कदाचित. चार महिने जखम भरू द्यायची, भिंत पुन्हा भरायची, मग पुन्हा बसवायचा. सप्टेंबर गेला. मी खुर्चीत पडल्या पडल्या त्यांना सगळं सांगितलं, कोपर आणि थप्पड, दोन्ही थपडा. वाटलं होतं म्हणतील, होतं असं, तुम्ही तरी किती करणार. त्यांनी हातमोजे काढले आणि विचारलं, "त्यांना किती लागलं?"

मी तिच्या गालाकडे नीट बघितलंच नव्हतं. ऐंशी वर्षांच्या बाईला मारून मी स्वतःच्या हिरडीत बोट घालून बघत होते.

तिथून निघाले ती टेकडीखालच्या वृद्धांच्या संस्थेत गेले. वीस खाटा, मोठ्या खिडक्या, बाथरूमला आतून कड्या नाहीत. दोन बायका मिळून एकीला अंघोळ घालतात, आणि कुणी मारायला उठलं तर नुसत्या बाजूला होतात, अर्ध्या तासाने परत येतात. इतकं सोपं असतं ते, जेव्हा ती आपली आई नसते. अर्जावर 'दाखल करण्याचं कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'मुलगी मारते.' तिथल्या परिचारिका म्हणाल्या, "असं लिहीत नाहीत, बाई. वय झालं असं लिहा."

मी म्हटलं, "राहू द्या."

सही केली. तुला विचारलं नाही. तुला दिलेला शब्द मोडला, आणि तो मोडायला मला एवढा उशीर झाला याचंच वाईट वाटतं.

सोमवारी सकाळी दहाला गाडी येणार आहे. बाई बरोबर यायला तयार नाहीत, त्यांनी काम सोडलं. मी तिला गाडीत बसवू शकणार नाही, माझा हात लागला की ती अंग चोरते. जबरदस्तीने ओढायची माझी हिंमत नाही, आणि ओढलं तर मी कुठे थांबेन याचा मला भरवसा राहिलेला नाही. आज शनिवारी हे पत्र तुझ्या साइटवर जाणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे. निघालास तर पोचशील. मला शिव्या दे, संस्थेला नावं ठेव, हवं तर तिला तुझ्याकडे घेऊन जा आणि तुझे दात पणाला लाव. पण ये. तिच्या एका बाजूला तरी तिला भीती न वाटणारं माणूस हवं.

'आईची मुलगी' असं लिहायला हात धजत नाही. ती मुलगी अजून शाळेत आहे, आई तिची वाट बघते आहे.

नुसती तुझी,
बहीण